सगळ्यांच्या वतीने

धुळ्याहून शिंदखेड्याकडे जाणाऱ्या एस.टी.त मी इतक्या वेळा झोपलो आहे की तो रस्ता मी निम्मा पाहिला आणि निम्मा स्वप्नात काढला, असं म्हणायला हरकत नाही. खिडकीची काच कधीच पूर्ण बंद होत नसे. बाहेरून तापलेल्या मातीचा आणि कपाशीचा वास येई, आणि मांडीवरच्या फायलींच्या पिशवीवर हनुवटी टेकवून मी तरंगत जाई. मधेच गाडी एका फरशी पुलावरून धडधडत उतरायची. डोळे न उघडता मला कळायचं, आपलं गाव आलं. आपलं म्हणजे माझ्या अशिलांचं. मात्र त्या फरशीखालून वाहणाऱ्या नाल्याचा रंग बघण्यासाठी मी न चुकता डोळे उघडायचो.

कधी तो गुलाबी असे, कधी जांभळा, कधी मोरपंखी. वरच्या अंगाला सूत रंगवण्याचा एक कारखाना होता. तिथे ज्या दिवशी ज्या रंगाचं काम, त्या दिवशी नाल्याला तो रंग. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे मी पहिल्यांदा तिथे उतरलो तेव्हा खरं सांगतो, मला ते फार सुंदर वाटलं. बाभळींच्या मधून मोरपंखी पाणी वळणं घेत चाललेलं, काठावर दोन पांढरे बगळे, आणि सगळीकडे दुपारची सामसूम. वकिलाने असं लिहू नये, पण वाटलं त्याला काय करणार. गावातल्या बायका नाल्याकडे बघून चेष्टेने म्हणत की यंदा बाजारात कोणत्या रंगाची लुगडी येणार ते आम्हाला आधी कळतं.

माझं मूळ जळगावकडचं. लहानपण फैजपूरच्या केळीच्या बागांत गेलं. भर दुपारी बागेत शिरलं की वरून हिरवा उजेड झिरपायचा आणि मी एखाद्या खोडाला टेकून तासन्‌तास काहीच करत नसायचो. घरच्यांनी मला वकिलीला घातलं ते बहुधा वैतागून, कारण शेतीत माझा काही उपयोग नव्हता. जळगावला कायदा शिकलो आणि धुळ्याच्या कोर्टात आलो. सुरुवातीची वर्षं वाईट गेली. दोन भावांचं बांधावरून भांडण असलं तर एकाचं ऐकताना तो खरा वाटे, दुसऱ्याचं ऐकताना तो. असा वकील कुणाला हवा असतो?

मग मला तो नियम सापडला. सापडला म्हणजे पुस्तकात होताच, पण त्याच्या वाटेला आमच्याकडे फारसं कुणी जात नसे. शंभर माणसांचं दुखणं एकच असेल तर शंभरांनी शंभर दावे लावायची गरज नाही. एकाने सगळ्यांच्या वतीने उभं राहायचं, कोर्टाची परवानगी घ्यायची, आणि बाकीच्यांना जाहीर नोटिशीने कळवायचं. निकाल जो लागेल तो सगळ्यांना लागू. मला हे फार आवडलं. सगळे एकाच बाजूला असले की मला गोंधळायला जागाच उरत नव्हती. जळगावच्या एका वसाहतीत नकाशावर बाग होती ती जमिनीवर उगवलीच नाही, तो माझा पहिला दावा. पुढे ग्राहक मंच आले तेव्हा कपाशीच्या बियाण्याचा एक दावा केला. झाडं पुरुषभर वाढली होती आणि बोंड औषधालासुद्धा नव्हतं. माझी अशिलं यायची ती ट्रॉली भरून, भाकरीची गाठोडी घेऊन. म्हणून बाररूममध्ये मला जत्रावाले वकील म्हणत. मी चिडल्याचं दाखवायचो, पण आतून मला ते नाव आवडायचं.

नाल्याकाठची माणसंही अशीच ट्रॉलीतून आली, उन्हाळ्यातल्या एका दुपारी. माझं ऑफिस म्हणजे कोर्टामागच्या गल्लीतली एक खोली. तीत सहा माणसं कशीबशी मावत. बाकीची लिंबाखाली बसली, म्हणून मीही खुर्ची उचलून बाहेर नेली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नाल्यालगत गावाच्या पाच विहिरी होत्या. नाल्याचं पाणी पाझरून विहिरींत उतरलं होतं आणि आता पाचही विहिरींचं पाणी चहासारखं झालं होतं. बायका अर्ध्या कोसावरच्या वरच्या शिवारातून पाणी आणत होत्या.

मी म्हटलं, दावा होईल. सगळ्यांच्या वतीने एकाचं नाव घालावं लागेल. कुणाचं घालू?

लिंबाखाली जो तो काडीने माती उकरू लागला. घराघरातलं कुणी ना कुणी त्या कारखान्यात कामाला होतं. एक निवृत्त गुरुजी उठले आणि असा मान गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्याला द्यावा असं फार छान बोलले. सर्वांत वडीलधाऱ्या नानांना त्याच क्षणी खोकल्याची उबळ आली, ती काही थांबेना. मला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "मनं नाव लिखा, भाऊ."

तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागलो. पन्नाशीची, उंच, काटक, कपाळावर गोंदण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या. कारखान्यात तिचं कुणी नव्हतं, म्हणून भीतीही नव्हती. पहिलं नाव ज्याचं त्याला मी एक प्रश्न विचारत असे, या दाव्यातून तुम्हाला स्वतःला काय हवं आहे? लोक नुकसानभरपाई सांगत, किंवा नुसतं न्याय म्हणत. अक्का म्हणाली, "लोके मनी हीरवर परत येवाले पाहिजेत."

विहिरीला ती हीर म्हणायची. नाल्यालगतच्या पाचांतली सर्वांत गोड विहीर तिची. ती नवरा-बायकोने मिळून खणली होती. तो खाली सुरुंग लावायचा, ही वर दगड वाहायची. पुढे दोन उन्हाळे असे आले की सगळं गाव त्या एका विहिरीवर जगलं. तेव्हापासून कुणाच्याही घरी लग्न असलं की हळदीचं पाणी अक्काच्या विहिरीचं, असं ठरूनच गेलं. सकाळ-संध्याकाळ बायकांची दाटी, गप्पा, भांडणं, कुणाची सून कशी आणि कुणाच्या म्हशीला काय झालं. एकट्या बाईचं घर त्या विहिरीमुळे भरलेलं होतं. पाण्याला रंग चढला तशी एकेक जण यायची थांबली. अक्का मात्र रोज सकाळी विहिरीच्या पायऱ्या झाडत होती. कुणी येणार नाही हे माहीत असूनही झाडत होती. हे मला तिने सांगितलं नाही, गुरुजींनी सांगितलं.

दावा दाखल झाला. कोर्टाची परवानगी मिळाली. गावात दवंडी पिटली गेली आणि धुळ्याच्या वर्तमानपत्रात बारीक टायपातली नोटीस आली. कारखान्याचे वकील वयस्क, अतिशय सभ्य, बिनसाखरेचा चहा पिणारे. नाल्याचा रंग हा त्या भागातल्या मातीचा गुण आहे असं ते इतक्या गोड आवाजात म्हणायचे की मला क्षणभर पटायचं. जज्जसाहेबांना मात्र पटलं नाही. त्यांनी सांगितलं, कोर्ट कमिशनर जाऊन विहिरी बघून येईल. हा कमिशनर म्हणजे कोर्टाने नेमलेला एक नवखा वकील. तो जे बघेल ते लिहील आणि त्याचा अहवाल पुराव्यात येईल. तारीख ठरली आणि दोन्ही बाजूंना कळवली गेली.

मी गावाला पोस्टकार्ड टाकलं. अमुक दिवशी कोर्टाचे साहेब पाहणीला येणार आहेत, सर्व व्यवस्था नीट ठेवावी. एवढंच. असं वाक्य मी त्याआधी शंभर वेळा लिहिलं असेन.

थंडीचे दिवस होते. सकाळी कमिशनर आणि मी बसने निघालो. कारखान्याचे वकील त्यांच्या गाडीने आधीच पोचले होते. फरशीवर मी नेहमीसारखे डोळे उघडले. नाल्याला रंगच नव्हता. नुसती ओली वाळू. कारखान्याने दोन दिवस पाणी सोडलंच नव्हतं. हे मी धरूनच चाललो होतो, विहिरी आपल्या बाजूने बोलतील म्हणून निर्धास्त होतो.

गावात शिरलो तर रस्ता शिंपडलेला, दारोदारी रांगोळ्या. गुरुजींनी हार आणला होता तो कमिशनरला घालावा की नाही यावर थोडी कुजबुज झाली आणि शेवटी मलाच घातला गेला. मग सगळे अक्काच्या विहिरीवर गेलो. अक्का नवं लुगडं नेसून पायरीवर उभी होती. कठड्याला चुना लावलेला होता. मी वाकून आत पाहिलं.

त्या क्षणी काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. आत निर्मळ पाणी होतं. तळाचा दगड न् दगड दिसत होता. वरून उन्हाचा एक पट्टा तिरका उतरला होता आणि तो खालपर्यंत जाऊन हलत होता. पाण्यात आभाळ होतं, माझं डोकं होतं, शेजारी अक्काचा हिरवा पदर. मला खरोखर वाटलं की रंगीत पाणी, दावा, धुळ्याचं कोर्ट, हे सगळं मी बसमध्ये झोपेत पाहिलं असणार. खरं तर हीच विहीर खरी. मला आनंद झाला. वकील असूनही झाला, आणि बराच वेळ टिकला.

शेजारी कमिशनर लिहीत होता. पाणी स्वच्छ, पारदर्शक, वास नाही.

मग माझ्या लक्षात आलं. तीन दिवस सगळं गाव राबलं होतं. डिझेल इंजिन लावून पाचही विहिरी उपसल्या होत्या. गाळ काढला, भिंती घासल्या, चुना टाकला, आणि तळाला वरच्या शिवारातून बैलगाडीने आणलेलं पाणी ओतलं होतं. आमच्याकडे घरात लग्न असो की मोठा पाहुणा यायचा असो, आधी विहिरीचा उपसा होतो. आणि कोर्ट तर त्या गावात पहिल्यांदाच येत होतं. भिंतीतून रंग पुन्हा झिरपून पाणी चढायला पंधरवडा लागला असता. तेवढा वेळ कमिशनरकडे कुठला? त्याने गूळ-पाणी घेतलं, मग वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, पाणी फार गोड आहे म्हणाला आणि तेही प्रामाणिकपणे लिहून घेतलं. कारखान्याचे वकील जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. सभ्य माणूस. त्यांना हसू येत होतं.

सगळे गेल्यावर मी अक्कावर ओरडलो. भर रस्त्यात, बायकामाणसांसमोर, माझ्या तोंडून नको ते गेलं. तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःचा दावा बुडवला, असं म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हीच लिखेल व्हतं ना भाऊ, बठ्ठी व्यवस्था नीट ठेवा. आन् पाहुनाले असं पानी कसं दखाडानं?"

पोस्टकार्ड मीच लिहिलं होतं. धुळ्याला परतताना बसमध्ये मला झोप आली नाही. फैजपूरच्या बागेत वाढलेल्या माणसाला पाहुणा म्हणजे काय हे कळायला हवं होतं, असं सारखं वाटत राहिलं. आमच्या घरीही पाहुणा आला की खराब झालेलं सगळं आधी आत नेऊन ठेवत.

अहवाल आमच्या विरुद्ध गेला. त्यावर आता एकच उपाय होता, अक्काची साक्ष. ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा तिचा हात कठड्यावर असा होता की ती स्वतःच्या ओट्यावरच उभी असावी. कारखान्याच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, विहीर कुणी उपसली? तिने सगळं सांगितलं. किती दिवस, किती माणसं, कुणाचं इंजिन, चुना कुठून आणला. लपवण्यासारखं काही आहे हेच तिला वाटत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही कोर्टाची फसवणूक केली," ते म्हणाले.

"फसाडं नही साहेब. कोर्ट आमना गावमा पहिलींदाव उनं. आम्ही त्यानं पाहुनपन करं."

जज्जसाहेबांनी मान वर केली. ते कोकणातले होते आणि आमची भाषा त्यांना निम्मी समजायची, पण हे समजलं असावं. त्यांनी स्वतःच विचारलं, "बाई, मग तुमच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे की वाईट?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. पंखा फिरत होता. आता एका शब्दाची गरज होती आणि तोच शब्द ही बाई एवढ्या वर्षांत एकदाही बोलली नव्हती. गावात कुणी तिच्या पाण्याला खराब म्हटलं तर ती तिथून उठून जायची. शेवटी ती जज्जसाहेबांकडे न बघता म्हणाली, पाणी पिण्याजोगं नाही. तिच्याच भाषेत, पण अगदी हळू. मग जबाब टाइप झाला, तिला वाचून दाखवला, आणि अंगठा लावायची वेळ आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. मी तिच्या शेजारी उभा होतो. दावा वाचला म्हणून मला हायसं वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची लाज ताबडतोब वाटली.

जज्जसाहेबांनी दुसरा कमिशनर नेमला आणि या वेळी कुणालाच तारीख कळवायची नाही असं बजावलं. तो एका सोमवारी अचानक गेला. पाचही विहिरींच्या बाटल्या भरून घेऊन आला. त्या कोर्टात टेबलावर ओळीने मांडल्या होत्या, आणि खिडकीतून ऊन आलं की टेबलावर तांबूस सावल्या पडायच्या. त्या आठवड्यात कारखान्याने तडजोडीचा निरोप पाठवला.

माझ्या वकिलीतला तो सर्वांत मोठा दिवस, असं लोक अजून म्हणतात. वरच्या शिवारात कूपनलिका, पाण्याची टाकी, घरोघर नळ, सगळं कारखान्याच्या खर्चाने. नाल्यात सोडायचं पाणी आधी हौदात साठवून स्वच्छ करायचं. एवढं देऊन कारखान्याला एकच गोष्ट हवी होती. नाल्यालगतच्या पाचही विहिरी बुजवायच्या, म्हणजे उद्या कुणी त्यातलं पाणी पिऊन पुन्हा दावा लावायला नको. समोरचे वकील मला म्हणाले, "हे कलम राहू द्या, नाहीतर मालक ऐकत नाहीत, आणि मग अपिलात दहा वर्षं जातील." मी एकदा म्हटलं, चार बुजवा, एक ठेवा. ते नाही म्हणाले. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. गावात लहान मुलं होती, डोक्यावर हंडे घेऊन अर्धा कोस चालणाऱ्या पोटुशी बाया होत्या. माझं काही चुकत होतं असं आजही मला म्हणता येत नाही.

तडजोडीचे कागद मी गावात, मारुतीच्या पारावर बसून वाचून दाखवले. संध्याकाळची वेळ होती, गुरं परत येत होती, धुळीत सगळ्यांचे चेहरे सोनेरी दिसत होते. नळाचं कलम मी सावकाश, त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं. लोक हसले, एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. विहिरींचं कलम मी कोर्टाच्या भाषेत वाचलं. सदरहू नाल्यालगतच्या पाच विहिरी सार्वजनिक सुरक्षिततेस्तव बुजविण्यात येतील. आणि श्वास न घेता पुढच्या कलमावर गेलो. अक्का बायकांच्या मागे खांबाला टेकून उभी होती. मी तिकडे पाहिलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्यांच्या वतीने लावलेला दावा असा परस्पर मिटवता येत नाही. कोर्ट पुन्हा सगळ्यांना नोटीस देतं, कुणाचा आक्षेप असेल तर अमुक तारखेला येऊन सांगा म्हणून. पुन्हा दवंडी, पुन्हा बारीक टाइप. एकानेही आक्षेप घेतला तरी जज्जसाहेबांना ते कलम पुन्हा बघावं लागलं असतं. आणि तो एक जर दाव्यातलं पहिलं नाव असेल तर नक्कीच. हे मला माहीत होतं. अक्काला वेगळं बसवून सांगणं माझं काम होतं. मधे पंधरा दिवस होते. मी दोनदा शिंदखेड्याला दुसऱ्या कामाने गेलो, दोन्ही वेळा फरशीवरून गेलो आणि उतरलो नाही. बसमध्ये मला स्वप्न पडायचं की ती कोर्टात उभी राहून नाही म्हणते आहे आणि सगळं गाव माझ्याकडे बघतं आहे. जाग आली की मी घाबरलेला असायचो. पण खरं सांगतो, थोडासा सुटल्यासारखाही असायचो.

तारखेला दोन ट्रॉल्या आल्या. कोर्टाबाहेरचा लिंब तेव्हा मोहरला होता, सगळ्यांच्या डोक्याखांद्यांवर बारीक पांढरी फुलं पडत होती. आत जज्जसाहेबांनी मोठ्याने विचारलं, "या तडजोडीला कुणाचा आक्षेप आहे का?" ते माणसं बघत होते, मी फक्त अक्काकडे बघत होतो. ती पहिल्या बाकावर बसली होती, हात मांडीवर. नानांना खोकला आला. कारकुनाने पेन उचललं. मला वाटतं ते अर्धं मिनिट असेल, पण मी त्या अर्ध्या मिनिटात नंतर पुष्कळदा जाऊन आलो आहे. कुणी उठलं नाही. जज्जसाहेबांनी सही केली.

बाहेर लोकांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. गुरुजींनी पेढे वाटले. कारखान्याच्या वकिलांनीही एक उचलला आणि साखरेचं निमित्त करून माझ्याच हातात ठेवला. थोड्या वेळाने गर्दी ट्रॉल्यांकडे सरकली. अक्का मागे राहिली होती. ती माझ्याजवळ आली आणि अगदी साधेपणाने, बाजारात काही विचारावं तसं विचारलं, "भाऊ, मी मांगे तठे उभी ऱ्हातू, नही सांगतू, तं मनी हीर ऱ्हाती का?"

म्हणजे मी वाचलेलं तिला सगळं कळलं होतं. पारावरच कळलं होतं. नाही म्हणता येतं, एवढंच तिला माहीत नव्हतं. दवंडीवाला कोर्टाच्याच भाषेत ओरडून गेला होता.

खोटं बोलता आलं असतं. नाही अक्का, काही उपयोग झाला नसता, एवढं म्हणालो असतो तर ती निघून गेली असती. पण त्या बाईने भर कोर्टात स्वतःच्या पाण्याबद्दल खरं सांगितलं होतं. मी म्हटलं, "हो अक्का. राहिली असती बहुतेक."

"मंग माले पहिले काबरं नही सांगं?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

तिने मान हलवली. राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ट्रॉलीतून कुणीतरी तिला हाक मारत होतं. तिने पदर डोक्यावर घेतला, माझ्या कोटाच्या बाहीवरची लिंबाची फुलं झटकली, आणि म्हणाली, "पोरेसना पानीना सवाल व्हता भाऊ, मी काय आडी पडतू का? मी व्हय म्हनतू. पन तुम्ही माले इचारं ऱ्हातं, तं बरं वाटतं."

मग ती ट्रॉलीकडे गेली. बायकांनी हात देऊन तिला वर घेतलं, आणि गाडी धुळ्याच्या रहदारीत मिसळून गेली.